एकांडी लाट

या गोष्टीची सुरुवात एका बुजलेल्या घोड्यापासून होते.

१८३० च्या आगेमागे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोहून पेझलीकडे जाणारा एक अरुंद कालवा वापरात होता. कालव्यातल्या बोटी तेव्हा घोडे ओढत. काठाच्या पायवाटेवरून घोडा चाले, त्याला बांधलेला दोर बोटीला, आणि बोट माणसाच्या चालीने पाणी कापत जाई. विल्यम ह्यूस्टन नावाचे गृहस्थ एकदा आपल्या हलक्या बोटीतून चालले असताना त्यांचा तरतरीत घोडा कशाला तरी बिचकला आणि दोर, बोट, मालक असं सगळं लटांबर घेऊन उधळला. अशा वेळी माणूस घोड्याकडे बघतो. ह्यूस्टनसाहेबांची नजर पाण्याकडे गेली. एरवी बोट जरा जोरात नेली की तिच्या मागे फेसाळ लोंढा उठायचा आणि काठाची माती धुऊन न्यायचा. आता वेग कितीतरी जास्त होता आणि लोंढा नाहीसा झाला होता. बोट बऱ्यापैकी शांत पाण्यावरून घसरत चालली होती, आणि घोड्याला ती ओढायला जड जाण्याऐवजी हलकी जात होती.

ह्यूस्टन धंदेवाईक माणूस. त्यांनी कारण शोधण्यापेक्षा उतारू शोधले. लवकरच त्या कालव्यावर जलद प्रवासी बोटी धावू लागल्या. घोडे आधी बेताने चालवायचे, मग एकदम जोराचा हिसका द्यायचा, की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या पाठीवर चढून बसते. पुढचा प्रवास त्या लाटेवर स्वार होऊन.

वेग वाढला की विरोध वाढतो, हे सायकल चालवणारं पोरही सांगेल. मग इथे एक उंबरठा ओलांडल्यावर तो कमी का व्हावा? हा प्रश्न धसाला लावला जॉन स्कॉट रसेल या तरुण इंजिनिअरने. वय २६. एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर बोटींचा वेग कसा वाढवता येईल याचे प्रयोग तो करत होता. १८३४ चा ऑगस्ट महिना. दोन घोडे एक बोट झपाट्याने ओढून नेत होते आणि रसेल काठावरून बघत होता. बोट एकाएकी थांबली. बोटीने हलवलेलं पाणी मात्र थांबलं नाही. ते नाळेपाशी गोळा झालं, खळबळलं, आणि मग त्यातून एक गोल, गुळगुळीत, सुबक उंचवटा सुटा झाला आणि बोटीला मागे टाकून पुढे चालू लागला. ना त्याच्या पुढे खळगा, ना मागे दुसरी लाट. पाण्याची एकच पाठ, सुमारे ३० फूट लांब, एक-दीड फूट उंच.

रसेल घोड्यावर होता. त्याने टाच मारली आणि लाटेचा पाठलाग सुरू केला. ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे १३-१४ किलोमीटर वेगाने ती लाट चालली होती; घोड्याची दुडकी चाल. तिचा आकार बदलत नव्हता, वेगही बदलत नव्हता, उंची तेवढी हळूहळू उतरत होती. मैल-दोन मैल गेल्यावर कालव्याच्या वळणांमध्ये ती त्याच्या नजरेआड झाली.

विज्ञानाच्या इतिहासात घोड्यावरून पाठलाग करून लावलेला हा एकमेव शोध असावा, असं मला वाटतं. पण रसेलने जे पाहिलं त्यात इतकं नवल काय, हे कळायला आधी साधी लाट कशी वागते ते बघावं लागेल.

विहिरीत खडा टाका. वर्तुळं उठतात, पसरतात, कठड्याला लागून परततात. दोन खडे टाकले तर दोन वर्तुळं एकमेकांतून आरपार जातात, जणू दुसरं तिथे नव्हतंच. जिथे ती एकमेकांवर येतात तिथे पाण्याची उंची म्हणजे दोघांची साधी बेरीज. लहान लाटांचं सगळं गणित या बेरजेवर उभं आहे. लाटेची उंची दुप्पट केली तर सगळं दुप्पट, वेग मात्र तोच. आलेख काढला तर सरळ रेष येते, म्हणून अशा वागण्याला रेषीय म्हणतात. किराणा दुकानात एक किलो साखरेचे जेवढे पैसे, त्याच्या दुप्पट दोन किलोचे. दुकानदार भाव बदलत नाही.

घरगुती विजेचं बिल तसं नसतं. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढच्यांना चढा दर. वापर दुप्पट केला तर बिल दुपटीहून जास्त येतं, कारण तुम्ही किती वापरता यावर दरच बदलतो. मोठ्या लाटांचं असंच आहे. लाट किती उंच आहे यावर तिला लागू होणारा नियमच बदलतो. अरेषीय हा शब्द ऐकायला जड आहे; अर्थ एवढाच.

आता साध्या लाटेची एक खोड. खोल पाण्यात लांब लाट वेगाने जाते, आखूड लाट रेंगाळते. एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत शंभर मीटर असलेली लाट ताशी ४५ किलोमीटरने पळते. एक मीटरची लाट ताशी साडेचार किलोमीटरने, म्हणजे आपल्या चालण्याच्या गतीने. पाण्यात उठलेली कोणतीही खळबळ ही अशा लांब-आखूड लाटांची खिचडी असते, त्यामुळे ती जसजशी पुढे जाते तसतशी पांगते. धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीला घोळका असतो आणि अर्ध्या वाटेत रांग होते, तसं. शाळेच्या पुस्तकात प्रकाशाच्या बाबतीत हे येतं, लोलकातून सात रंग वेगळे होतात ते. तिथे त्याला अपस्करण म्हणतात. लाटांचं असं पांगणं आपल्या किनाऱ्यावरही अनुभवाला येतं. भर उन्हाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, केरळच्या किनाऱ्यावर अचानक समुद्र चढतो आणि घरांत पाणी शिरतं. मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. हजारो किलोमीटर दक्षिणेला झालेल्या वादळातल्या सगळ्यात लांब लाटा आखूड भावंडांना मागे टाकून आधी पोहोचलेल्या असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याचा आगाऊ इशारा देते.

तर नियमाप्रमाणे रसेलच्या त्या सुबक उंचवट्याने काही अंतरातच पांगून जायला हवं होतं. तो पांगला नाही. काही तरी त्याला बांधून ठेवत होतं.

रसेलने पाण्याचं टाकं बांधलं आणि एका टोकाला दारामागे पाणी तुंबवून एकदम दार उघडून, कधी वजन सोडून, लाट पुन्हा पुन्हा काढली. त्याला एक सोपा नियम हाती लागला. पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांची बेरीज घ्या, गुरुत्व त्वरणाने गुणा, वर्गमूळ काढा. हा लाटेचा वेग. त्या बेरजेतली उंची ही सारी गोम. उंच लाट ठेंगण्या लाटेपेक्षा वेगाने जाते. त्याने हेही पाहिलं की पाणी भसकन जास्त सोडलं तर एकाऐवजी दोन उंचवटे निघतात, मोठा पुढे, धाकटा मागे. आणि पाण्यात उंचवट्याऐवजी खळगा पाडला तर तो टिकतच नाही, त्याच्या बारीक लाटा होऊन विखुरतो. खळग्याचा सॉलिटॉन होत नाही, असं आज म्हणता येईल, पण तो शब्द यायला अजून सव्वाशे वर्षं आहेत.

ह्यूस्टनच्या घोड्याचंही उत्तर यातच आहे. कालव्याचं पाणी दीड मीटर खोल धरलं तर लांब लाटेचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर येतो. बोट याहून हळू चालली तर तिच्या लाटा मागे साचतात आणि तिला मागे खेचतात. याहून जोरात नेली की ती लाटेच्या डोक्यावर येते, आणि मागे साचायला काही उरत नाही.

१८४४ साली ब्रिटिश असोसिएशनच्या यॉर्क इथल्या अधिवेशनात रसेलने आपला लाटांवरचा अहवाल मांडला. तो मान्य होणं सोपं नव्हतं, कारण समोर उभे होते जॉर्ज एअरी. राजज्योतिषी, केंब्रिजचे नावाजलेले गणिती, आणि भरती-ओहोटीच्या गणितातले अधिकारी पुरुष. एअरींचा युक्तिवाद असा होता की उथळ पाण्यातली कोणतीही ठसठशीत लाट आपला आकार टिकवूच शकत नाही. तरुण जॉर्ज स्टोक्सनेही सुरुवातीला रसेलच्या दाव्याबद्दल शंकाच घेतली. एक काठावरचा इंजिनिअर म्हणतो मी डोळ्यांनी पाहिलं, दोन मोठे गणिती म्हणतात असं होत नाही. अशा गोष्टीत आपला जीव आपसूक इंजिनिअरकडे जातो, पण एअरींचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. तो दर भरतीला कोकणच्या किनाऱ्यावर खरा होताना दिसतो.

गुहागरच्या वाळूत बसून लाट बघावी. लांबवर ती सपाट, आळसावलेली असते. किनाऱ्याकडे येताना पाणी उथळ होतं आणि उथळ पाण्यात वेग खोलीवर ठरतो: चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी सातशे किलोमीटरने पळते, दहा मीटर पाण्यात तिचा वेग ताशी ३६ वर येतो. आता एका लाटेचे दोन भाग करून बघा. माथ्याखाली पाणी जास्त खोल, पायथ्याशी कमी. शिवाय माथ्याजवळचं पाणी स्वतःच पुढे चाललेलं असतं. म्हणून माथा वेगाने येतो, पायथा रेंगाळतो. पुढचा उतार खडा होत जातो, उभा होतो, आणि माथा पुढे कोसळतो. लाट फुटली असं आपण म्हणतो. साधारणपणे लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या आठ दशांशांवर गेली की हे होतं. कमरेएवढी लाट जिथे फुटते तिथे पाणी साधारण छातीएवढं आहे असं समजायला हरकत नाही. मात्र तेवढ्या अंदाजावर पावसाळ्यात पाण्यात उतरू नये, तिथली ओढ वेगळाच हिशेब करते.

एअरींच्या गणितात हे खडं होणं पुरतं पकडलं होतं. त्यांनी सोडून दिलं होतं ते पाण्याचं वर-खाली होणं, आणि लाटेला पांगवणारं बळ त्यातूनच येतं. रसेलच्या लाटेत दोन्ही बळं होती. उंचीमुळे ती खडी होऊ पाहत होती, लांब-आखूड अंशांच्या वेगळ्या वेगांमुळे पांगू पाहत होती, आणि दोन्ही ओढी नेमक्या सारख्या होत्या. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की मधला रुमाल जागचा हलत नाही. म्हणून तो उंचवटा उंच असेल तर आखूड असतो: खडं होण्याची ओढ जास्त, तिला तोडीस तोड पांगण्याची ओढ हवी, आणि ती आखूड आकारातच मिळते.

हे समीकरणात उतरवलं फ्रान्सच्या बूसिनेस्कने १८७१ मध्ये आणि इंग्लंडच्या रॅलेने १८७६ मध्ये. रसेल तेव्हा हयात होता. तो १८८२ मध्ये वारला. १८९५ मध्ये ॲमस्टरडॅमचे कोर्टवेग आणि त्यांचा विद्यार्थी डी व्ह्रीस यांनी जे समीकरण प्रसिद्ध केलं ते आज दोघांच्या नावाने ओळखलं जातं. डी व्ह्रीस पुढे शाळामास्तर झाला. समीकरण जवळपास सत्तर वर्षं कपाटात पडून राहिलं.

रसेलचं नाव तोवर जहाजांशी जोडलं गेलं होतं. इंजिनिअर ब्रुनेलचं अवाढव्य 'ग्रेट ईस्टर्न' त्याच्याच टेम्सकाठच्या कारखान्यात बांधलं गेलं आणि १८५८ मध्ये पाण्यात उतरलं. प्रवासी जहाज म्हणून ते साफ अपयशी ठरलं; समुद्राखालून तारा टाकायला मात्र फार कामाचं निघालं. १८७० मध्ये मुंबई ते एडन ही तार त्यानेच टाकली. एकांड्या लाटेमागे धावलेल्या माणसाचं जहाज मुंबईच्या बंदरात उभं होतं, ही गोष्ट मला उगाचच सुखावते.

खडं होण्याची ओढ जिंकली तर काय होतं, हे पाहायला समुद्रावर जायची गरज नाही. स्टीलची परात उलटी करून नळाखाली धरा. धार पडते तिथे पाण्याची पातळ, नितळ चकती दिसते, आणि बोटभर अंतरावर पाणी एकदम उसळून जाड होतं. त्या कड्याच्या आत पाणी लाटेपेक्षा वेगाने वाहतं, बाहेर लाटेपेक्षा हळू. मधल्या कड्यावर एक लाट अडकून पडलेली आहे. ना तिला आत जाता येतं, ना बाहेर. हेच कडं सुटं करून नदीच्या मुखातून उलट्या दिशेने पाठवलं की त्याला भरतीची भिंत म्हणावं लागतं. नरसाळ्यासारख्या खाडीत मोठी भरती शिरते, पाणी उथळ होत जातं, भरतीची पुढची कड खडी होते आणि नदीवर उलटी चालून जाते. हुगळीवर बंगाली लोक तिला बान म्हणतात आणि बान यायच्या वेळी नावा काठापासून दूर, खोल पाण्यात नेतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्यात नर्मदेच्या मुखावरच्या भडोचला भरतीचं पाणी कसं गर्जत आत घुसतं याचं धास्तावलेलं वर्णन आहे. आज या खेळाची राजधानी चीनमध्ये, हांगचौजवळच्या छ्यानथांग नदीवर आहे. त्यांच्या पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी हाइनिंगच्या काठावर ती भिंत बघायला माणसांची जत्रा भरते. भरती फार मोठी नसेल तर भिंत फेसाळत नाही, तिच्या जागी गुळगुळीत उंचवट्यांची माळ चालत येते. नीट पाहिलं तर त्या माळेतला पुढचा प्रत्येक मणी रसेलच्या लाटेचा सख्खा नातेवाईक असतो.

कपाटातलं समीकरण बाहेर काढलं ते पाण्याच्या लाटांशी संबंध नसलेल्या माणसांनी. अमेरिकेत लॉस अलामोसला १९५० च्या दशकात एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टानिस्लाव उलाम यांनी मेनियॅक या सुरुवातीच्या संगणकावर एक खेळ मांडला. त्याची आज्ञावली लिहिली मेरी त्सिंगू यांनी. स्प्रिंगांनी जोडलेल्या मण्यांची साखळी, स्प्रिंगा किंचित अरेषीय. एका प्रकारे हलवली की ऊर्जा हळूहळू सगळीकडे सारखी पसरेल अशी अपेक्षा होती. ती मोजक्याच प्रकारांत वाटली गेली, आणि मग बऱ्याच वेळाने जवळजवळ होती तशी पहिल्या जागी परत आली. हे कोडं सोडवताना नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल कोर्टवेग-डी व्ह्रीसच्या समीकरणापाशी पोहोचले. १९६५ मध्ये त्यांनी संगणकावर पाहिलं की मोठा उंचवटा धाकट्याला मागून गाठतो, दोघे एकमेकांत मिसळतात, ओळखू येत नाहीत, आणि पुन्हा सुटे होऊन आपापल्या मूळ आकारात आणि वेगात निघून जातात. जणू काही घडलंच नाही. घडल्याची खूण एकच: मोठा जिथे असायला हवा होता त्याहून थोडा पुढे सरकलेला असतो, धाकटा थोडा मागे. विहिरीतल्या वर्तुळांसारखे ते आरपार जातात, पण साध्या बेरजेने नव्हे. या कणासारख्या वागणाऱ्या लाटेला त्यांनी सॉलिटॉन नाव दिलं, इलेक्ट्रॉन-प्रोटॉनच्या चालीवर. आज काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाच्या स्पंदांनाही तेच नाव आहे.

यातलं आपल्या जवळचं उदाहरण अंदमानच्या समुद्रात आहे, आणि ते पाण्याच्या पोटात आहे. वरचं कोमट, हलकं पाणी आणि खालचं थंड, जड पाणी यांच्या सीमेवर एकांड्या लाटा चालतात. तेलासाठी विंधन करणाऱ्यांच्या कामात त्यांच्या प्रवाहांची अडचण झाली म्हणून १९७५ च्या सुमारास त्यांची मोजणी झाली. कित्येक लाटा ६० मीटरच्या घरातल्या निघाल्या. वर जहाजाच्या डेकवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र शांत समुद्रावर खळबळत्या पाण्याचा एक लांबच लांब पट्टा सरकत गेलेला दिसतो, एवढंच.

खोल समुद्राच्या पृष्ठभागावर खेळ वेगळा आहे. तळ इतका दूर की लाटेला त्याचा पत्ता नसतो. इथला मूळपुरुष तोच स्टोक्स. १८४७ मध्ये त्याने दाखवलं की उंच लाट ही शाळेच्या वहीतल्या नागमोडी रेघेसारखी नसते. तिचा माथा टोकदार होतो आणि दरी पसरट. उंच लाट थोडी वेगानेही जाते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्शावर गेली की माथ्यावर १२० अंशांचा कोन तयार होतो. त्यापुढे पाणी उभं राहत नाही, फुटतं. त्याच स्टोक्सने आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. लाटेत पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जात नाही, असं आपण शिकतो. ते वर्तुळ पुरतं मिटत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेला नारळ वारा आणि प्रवाह नसतानाही दर लाटेला थोडा पुढे सरकेल, आणि लाट दुप्पट उंच असेल तर चौपट सरकेल. वीजबिलाचा चढा दर तो हा.

स्टोक्सच्या लाटांची एकसारखी रांग शंभराहून अधिक वर्षं गणितात सुखाने चालत होती. १९६० च्या दशकात केंब्रिजचे ब्रूक बेंजामिन आणि त्यांचा सहकारी जिम फिअर ती रांग खऱ्या पाण्यात काढायला गेले. फेल्टमच्या जहाजांच्या प्रयोगशाळेतलं लांबलचक टाकं, एका टोकाला पाणी हलवणारं यंत्र. यंत्राजवळ लाटा अगदी शिस्तीत निघत. टाक्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत रांग मोडलेली असे: काही लाटा फुगलेल्या, काही बसलेल्या. असं दिसलं की कोणालाही यंत्राची शंका येईल. दोष पाण्याच्या स्वभावात निघाला, आणि त्याचा सिद्धान्त १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारख्या उंच लाटांच्या रांगेत एखादी लाट तिळभर मोठी असली की ती शेजारणींकडून ऊर्जा ओढून आणखी मोठी होते, शेजारणी वाळतात. श्रीमंत आणखी श्रीमंत, हा प्रकार. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात व्लादिमिर झाखारोव्ह यांनी खोल पाण्यातल्या या वागण्याचं समीकरण मांडलं.

म्हणजे समुद्रात सगळ्यांची ऊर्जा गिळून एखादी राक्षसी लाट उभी राहू शकते का? खलाशी पिढ्यान्‌पिढ्या तसं सांगत आले होते आणि जमिनीवरचे लोक ऐकून घेत आले होते. पुरावा मिळाला १ जानेवारी १९९५ ला. उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर या नॉर्वेच्या गॅसवाहिन्यांच्या फलाटावर खाली तोंड केलेला लेझर पाण्याची उंची मोजत होता. समुद्र खवळलेला, मोठ्या लाटा सुमारे १२ मीटरच्या. त्यात एकच लाट २५.६ मीटरची नोंदली गेली, आठ मजली इमारतीएवढी. तिचा माथा शांत पाण्याच्या पातळीच्या १८.५ मीटर वर होता. म्हणजे दरीपेक्षा माथा कितीतरी मोठा, स्टोक्सने सांगितल्यासारखाच.

यानंतर राक्षसी लाटांवर पुस्तकं आली, माहितीपट आले, आणि बेंजामिन-फिअरची हावरी लाट त्यांची नायिका झाली. माझ्या मते तिला हे श्रेय जरा जास्तच मिळालं. टाक्यात लाटा एकाच दिशेने जातात. वादळी समुद्रात त्या चहूकडून येतात, आणि दिशा फाकल्या की ही हाव मंदावते. २०११ मध्ये टाक्यात अशी अचानक उठून अचानक विरणारी लाट गणिताबरहुकूम काढून दाखवली गेली, ते काम देखणं होतं, पण ते टाकंच. बऱ्याच अभ्यासकांचं आजचं म्हणणं असं की कित्येक लाटांचे माथे योगायोगाने एका जागी जमले आणि टोकदार माथ्याच्या स्टोक्सच्या नियमाने त्यांना आणखी उंची दिली, एवढ्याने ड्राउपनर समजू शकते. २०१९ मध्ये ऑक्सफर्ड आणि एडिंबरोच्या संशोधकांनी एडिंबरोच्या गोल टाक्यात ती लाट छोट्या प्रमाणावर पुन्हा उभी केली. एकाच दिशेच्या लाटांनी ती जमेना, मध्येच फुटायची. लाटांचे दोन ताफे जवळपास १२० अंशांच्या कोनात एकमेकांवर सोडले तेव्हा ती पुरती उंच झाली, कारण तशा गाठीत पाणी पुढे कोसळण्याऐवजी सरळ वर उसळतं.

एडिंबरोचंच नाव पुन्हा आलं, आणि १९९५ सालही अजून संपलेलं नाही. त्या वर्षी जुलैमध्ये लाटांचे अभ्यासक तिथल्या हेरियट-वॉट विद्यापीठात परिषदेसाठी जमले आणि १२ तारखेला युनियन कालव्यावर गेले. कालवा आता शहराबाहेरून जाणाऱ्या बायपास रस्त्यावरून एका नव्या जलसेतूने नेला आहे, नव्वद मीटरच्या आत लांबीचा. त्याला त्या वेळी स्कॉट रसेलचं नाव दिलं गेलं. एकांड्या लाटेला याहून सोयीची जागा नाही: दोन्ही बाजू समांतर, तळ सपाट, वळण नाही. तिथे बोट जोरात नेऊन एकदम थांबवण्यात आली. नाळेपाशी पाणी गोळा झालं आणि एक गोल उंचवटा सुटा होऊन पुढे निघाला. 'नेचर' साप्ताहिकात त्याचा फोटो आला. खालच्या बायपासवरून मोटारी ज्याच्या-त्याच्या मर्जीच्या वेगाने जातात. वर ती लाट तिच्या उंचीने ठरवून दिलेल्या एकाच वेगाने सेतू ओलांडत होती.